सोबत

परगावी निघालेल्या माणसाला आमच्या माळव्यातील जुनी मंडळी दोन प्रश्न हमखास विचारीत. पहिला, 'सोबत कोण आहे?' आणि दुसरा, 'दशम्या बांधून घेतल्या का?' कुठे निघालात, कशासाठी निघालात, ही चौकशी त्यानंतर. महूहून जाम घाट उतरून महेश्वरला नर्मदास्नानाला जाणारे असोत की परिक्रमा उचललेले असोत, सोबत पाहिल्यावाचून पाऊल टाकायचे नाही असा रिवाज होता. परिक्रमेच्या वाटेवर शूलपाणीची झाडी लागे आणि तिथे वाटसरूंना लुटले जाई, हे सर्वांना ठाऊक होते. पण माझे आजोबा सांगत, की झाडीपेक्षाही जड जातो तो न जुळणारा सोबती. एकाची चाल झपझप, दुसऱ्याची रेंगाळती. एकाला मुक्काम हवा, दुसऱ्याला पुढचे गाव. चार दिवसांत दोघांची तोंडे दोन दिशांना. पुढे रेल्वेची आरक्षणे आली, विमाने आली आणि 'सोबत' हा शब्द आमच्या बोलण्यात 'सोबत थोडे लोणचे वाढा' एवढ्यापुरता उरला.

त्या शब्दाचा जुना, भारदस्त अर्थ मला पुन्हा भेटला तो अमेरिकेतील यूटा राज्यात, बर्फाच्या डोंगरांच्या पायथ्याशी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी.

आमचे चिरंजीव नोकरीच्या निमित्ताने सॉल्ट लेक सिटीत स्थायिक झाले आहेत. इंदूरमध्ये वाढलेल्या या मुलाने लहानपणी बर्फ पाहिला असेल तो गोळेवाल्याच्या गाडीवर. तिकडे गेल्यावर तो स्कीइंग शिकला, आणि तेवढ्यावर न थांबता 'बॅककंट्री' म्हणून जो प्रकार आहे त्याच्या नादी लागला. नेहमीच्या स्कीइंगमध्ये माणसाला वर नेण्यासाठी पाळणे असतात, उतार यंत्राने सारखे केलेले असतात, आणि धोकादायक बर्फ पहाटेच सुरुंग लावून पाडणारे पहारेकरी असतात. बॅककंट्रीत यातले काहीच नसते. स्कीच्या तळाला केसाळ पट्टे चिकटवायचे. पूर्वी ते सीलच्या कातड्याचे असत, म्हणून त्यांना अजून 'स्किन्स'च म्हणतात. आता ते मोहेर लोकरीचे किंवा नायलॉनचे असतात. केसांचा कल एकाच दिशेला असल्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. टाच मोकळी ठेवून तीन-तीन तास चढायचे, शिखराजवळ पट्टे सोलून जाकिटात कोंबायचे, टाच अडकवायची आणि अस्पर्शित बर्फावरून दहा-पंधरा मिनिटांत खाली यायचे. हा हिशेब मला काही केल्या पटला नाही. मी तसे बोलूनही दाखवले. त्यावर सौभाग्यवतींनी सुनावले, की पंधरा-वीस दिवस चालणाऱ्या वारकऱ्यालाही विठोबाच्या पायांवर डोके ठेवायला क्षणभरच मिळतो. मी गप्प बसलो.

आम्ही तिकडे पोहोचलो ते २०२३च्या जानेवारीअखेर. त्या हिवाळ्याने तिथले सारे विक्रम मोडले. शहरालगतच्या वॉसॅच डोंगररांगेतील आल्टा या ठिकाणी त्या मोसमात एकूण ९०३ इंच बर्फ पडला, म्हणजे पंचाहत्तर फूट. पडलेला बर्फ खाली बसत जातो हे खरे, पण आकडा ऐकून छाती दडपते. तिकडे जाणारा रस्ता हिमस्खलनाच्या भीतीने वारंवार बंद होई. आम्ही पोहोचून आठवडाही झाला नसेल, तोच गुलमर्गची बातमी आली. १ फेब्रुवारीला अफरवात शिखराच्या उतारावर हिमस्खलन होऊन पोलंडचे दोन स्कीपटू मृत्युमुखी पडले होते. माझ्या भाच्याने इंदूरहून त्या बातमीचे कात्रण पाठवले. सूनबाईंनी ते निमूटपणे छापून घेतले आणि स्वयंपाकघरातील फ्रिजवर चुंबकाने लावून टाकले. शेजारीच माझ्या चार वर्षांच्या नातवाने काढलेले हत्तीचे चित्र होते.

हिमस्खलन म्हणजे डोंगरावरून बर्फाचा गोळा गडगडत मोठा होत येतो, अशी माझी समजूत सिनेमांनी करून दिली होती. प्रत्यक्षात घातक ठरते ती बर्फाची लादी. मोसमाच्या आरंभी थोडा बर्फ पडतो, मग निरभ्र, कडाक्याच्या थंडीच्या रात्री येतात. त्या थंडीत या पातळ थराचे दाणे बदलतात. जाड साखरेसारखे होतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. त्यावर नवा बर्फ पडतो, वारा तो दाबून घट्ट करतो. वरून सारे भक्कम, खाली साखर. एका माणसाचे वजन त्यावर पडले की खालचा थर बसतो आणि वरची सबंध लादी सुटते. तीस ते पंचेचाळीस अंशांचे उतार यासाठी सर्वांत वाईट, आणि स्कीइंगला सर्वांत सुरेख तेच. प्राणघातक अपघातांपैकी सुमारे नव्वद टक्के अपघातांत ती लादी सुटलेली असते ती सापडलेल्याच्याच, नाहीतर त्याच्या सोबत्याच्या वजनाने. डोंगर आपण होऊन फारसे कुणाच्या वाटेला जात नाही.

पुढचे ऐकून मात्र मी रात्रभर जागा होतो. वाहता बर्फ थांबला की सिमेंटसारखा आवळतो. आत सापडलेल्याला बोटही हलवता येत नाही. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहांतील नऊ वाचतात. अर्धा तास उलटला की तीनच. हेलिकॉप्टर, पोलिस, बचावपथक, सारे अमेरिकेतही अर्ध्या तासानंतरच पोहोचणार. तेव्हा वाचवणार कोण? जो सोबत असेल तो. प्रत्येकाच्या छातीशी 'बीकन' नावाचे छोटे यंत्र बांधलेले असते. ते ४५७ किलोहर्ट्झच्या लहरी सोडत राहते. वर राहिलेल्याने आपले यंत्र शोधाच्या खटक्यावर करायचे, लहरींच्या मागाने धावायचे, घडीची लांब सळई बर्फात खुपसून माणूस चाचपायचा आणि फावड्याने उपसायचे. सळई, फावडे या दोन्ही वस्तू ज्याच्या त्याच्या पाठीवर असतात, पण त्या स्वतःच्या कामाला कधीच येत नाहीत. तुमचा जीव वाचवणारे फावडे दुसऱ्याच्या पाठपिशवीत असते.

मुलाचा आधीचा जोडीदार आदल्या शरद ऋतूत बदली होऊन दुसऱ्या राज्यात गेला होता. एकट्याने जायचे नाही, हे मुलालाही मान्य होते. तेव्हा शोध सुरू झाला. स्कीच्या दुकानातील सूचनाफलक, हिमस्खलनाच्या तीन दिवसांच्या प्राथमिक वर्गात भेटलेली माणसे, १९२०पासून चालत आलेला वॉसॅच माउंटन क्लब, कचेरीतील सहकारी, अशा सर्व दिशांनी. सूनबाईंची अट एकच. सूनबाई बडोद्याच्या, गायकवाडी वळण, बोलणे थोडके आणि नेमके. म्हणाल्या, "तुला उकरून काढणारा माणूस आधी माझ्या घरी जेवायला आला पाहिजे."

अशा रीतीने, आपल्याकडे मुलगी दाखवण्याचे कार्यक्रम बंद पडून एक पिढी उलटल्यावर, सॉल्ट लेक सिटीत पाहण्याचा कार्यक्रम सुरू झाला.

पहिला आला तो पंचविशीतील उमदा तरुण. देखणा, बोलका, स्कीइंगमध्ये म्हणे अव्वल. त्याने आपल्या फोनवर चित्रफिती दाखवल्या. यूटातील हिमस्खलन केंद्र रोज सकाळी धोक्याची पातळी जाहीर करते. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि काळा असे पाच रंग. हा पठ्ठ्या लाल रंगाच्या दिवशीही कुठे कुठे जाऊन आला होता आणि काही झाले नाही, हे त्याच्या मते पात्रतेचे प्रमाणपत्र होते. सूनबाईंनी त्याला आग्रहाने दुसऱ्यांदा श्रीखंड वाढले. तेव्हाच मी ओळखले, की हे स्थळ फिरणार.

दुसरा मुलाच्याच कचेरीतील. शांत, सज्जन, सामान सारे नवे कोरे. मुलाने उत्तरेकडचा उतार म्हटला की तो म्हणे 'उत्तम'. दक्षिणेकडचा म्हटला तरी 'उत्तम'. पहाटे चारला निघू म्हटले तरी चालेल, सातला म्हटले तरी चालेल. या जातीच्या माणसांशी माझी पस्तीस वर्षांची ओळख आहे. बैठकीत साहेबांच्या भुवईकडे पाहून मान हलवणारी ही मंडळी नोटशीटवर कधी एक ओळ विरुद्ध लिहीत नाहीत, आणि प्रकरण अंगाशी आले की 'मला तेव्हाच शंका आली होती' म्हणून सांगतात. मी मुलाला तसे म्हणालो. तो हसला आणि म्हणाला, "बाबा, यावर तर संशोधन झालंय."

झाले होते खरेच. इयान मॅकॅमन नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९७२ ते २००३ या काळातील ७१५ अपघात तपासून २००४मध्ये निष्कर्ष मांडले. माणसे बर्फ न कळल्यामुळे मरतात असे नव्हे. शिकलेसवरलेलेही मरतात, आणि त्यामागे बहुधा माणसांचेच व्यवहार असतात. ओळखीचा उतार आहे म्हणून, ठरवून आलो आहोत म्हणून, बरोबर एक जाणकार आहे म्हणून, दुसरे गेले म्हणून, वाईट दिसेल म्हणून. वॉशिंग्टन राज्यात स्टीव्हन्स पासजवळ १९ फेब्रुवारी २०१२ रोजी सोळा जण एकत्र निघाले. बहुतेक अनुभवी, काही तर त्या क्षेत्रातील नामांकित. तिघे दगावले. मागाहून चौकशीत आले, की कित्येकांच्या मनात शंका होती. पण सोळांच्या घोळक्यात पहिले तोंड कोणी उघडायचे? मला आमच्या जिल्हा नियोजन समितीच्या बैठका आठवल्या. तिथे निदान कोणी बर्फाखाली जात नसे.

जोडीदार कसा असावा याचा एक चांगला दाखला, आश्चर्य म्हणजे, शेरलॉक होम्सच्या घरातला आहे. आमच्या पिढीने होम्स मराठी रूपांतरांतून अधाशासारखा वाचला; पण त्याचा जनक आर्थर कॉनन डॉयल हा स्कीइंगच्या आद्य प्रचारकांपैकी एक, हे मला तिथल्या ग्रंथालयात कळले. पत्नीच्या क्षयासाठी तो स्वित्झर्लंडमधील दावोसला येऊन राहिला होता. होम्सला कड्यावरून नुकतेच ढकलून झाले होते, हात मोकळा होता. मार्च १८९४मध्ये त्याने डोंगर ओलांडून आरोसाला स्कीवरून जायचे ठरवले, आणि सोबतीला घेतले टोबियास आणि योहान ब्रँगर या स्थानिक बंधूंना. हे भाऊ आदल्याच वर्षी ती वाट करून आले होते. गाव हसते म्हणून अंधार पडल्यावर सराव करीत असेही सांगतात. वाटेत एका उतारावर डॉयलसाहेबांच्या स्की निसटून पुढे गेल्या आणि साहेब बैठकीवरच घसरत खाली आले. आरोसाच्या हॉटेलात टोबियासने नोंदवहीत त्यांचा व्यवसाय 'खेळाडू' असा लिहिला, याचा डॉयलला कोण आनंद! जगप्रसिद्ध लेखक मागे आणि गावचे दोन भाऊ पुढे, हा क्रम त्या दिवशी कोणाला खटकला नाही. मला त्या प्रवासातले सर्वांत आवडले ते हेच. एव्हरेस्टच्या मोहिमेतही, एप्रिल १९५३मध्ये, बर्फाच्या भेगेत कोसळणाऱ्या हिलरीला तेनसिंगने दोरावर तोलून धरले, आणि आपली जोडी कोणाशी, हे हिलरीने त्यानंतर मनाशी पक्के केले. पाहण्याचे कार्यक्रम काही वेळा असेही होतात.

तिसऱ्या उमेदवार म्हणजे एक बाई. वय पंचावन्नच्या पुढे, शाळेत भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या, केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. मुलाचा चेहरा किंचित उतरलेला मला दिसला; तो छत्तिशीचा, त्याला वेगाची हौस. बाईंनी मला पहिल्या भेटीतच नावाने हाक मारली. आमच्या नात्यात मला नावाने हाक मारणारे आता कोणी उरलेले नाही, त्यामुळे क्षणभर दचकलो. पण वाईट वाटले नाही. जेवताना आम्ही त्यांना पाहायचे, ते राहिले बाजूलाच. त्यांनीच मुलाची उलटतपासणी मांडली. शेवटचे मागे कधी फिरलास? किती चढल्यावर? फिरू या असे कोण म्हणाले? तू म्हणालास, की तू फक्त ऐकलेस? दुसऱ्याने म्हटले तेव्हा तुला राग आला होता का? मुलगा प्रामाणिक आहे. म्हणाला, आला होता. बाईंनी मान हलवली आणि भाताबरोबर वरण मागून घेतले.

त्यांचा नियम साधा होता. दोघांपैकी एकाने 'नाही' म्हटले की फिरायचे. कारण विचारायचे नाही, घासाघीस करायची नाही, गाडीत बसेपर्यंत त्यावर बोलायचेही नाही. उतारावर एका वेळी एकच उतरेल, दुसरा सुरक्षित जागी उभा राहून त्याच्यावरची नजर काढणार नाही. आणि डोंगरावर जाण्याआधी शहरातच तीन वेळा सराव.

तो सराव घरामागच्या बागेत झाला. बाईंनी एका पोत्यात चालू बीकन घालून ते बर्फात कुठेतरी पुरले, वरचा बर्फ सारखा केला आणि घड्याळ माझ्या हाती दिले. मी 'हं' म्हटले की मुलाने धावायचे. साधारण क्रिकेटच्या मैदानाच्या निम्मी जागा. आधी तो झपाट्याने गेला, मग यंत्रावरचा आकडा लहान होऊ लागला तसा वाकला, मग गुडघ्यांवर आला, यंत्र बर्फाला टेकवून फुलीच्या आकारात फिरवू लागला. सळई खुपसली. पुन्हा खुपसली. मी काट्याकडे पाहत होतो. कचेरीत आणि निवडणुकीच्या कामात मी असंख्य वेळा घड्याळ धरून बसलो आहे, पण सेकंदकाटा इतका निर्दय चालताना कधी पाहिला नव्हता. पोते हाती लागले तेव्हा सहा मिनिटे वीस सेकंद झाली होती. मला ते चांगले वाटले. बाई म्हणाल्या, पोते दोन फुटांवर होते. माणूस चार फुटांवर असेल, पुन्हा.

मग पाळी बदलली. पोते मुलाने पुरले आणि शोधू लागल्या बाई. नातू माझ्या बोटाला धरून उभा होता. त्याने विचारले, "आजोबा, पोत्यात कोण आहे?" कोणी नाही, बटाट्याचे रिकामे पोते आहे, असे मी सांगितले. माझा आवाज सरळ आला की नाही, ठाऊक नाही. बाई धावल्या नाहीत. भराभर चालल्या, एका जागी थांबल्या, वाकल्या, सळई एकदाच खुपसली आणि फावड्याने उताराच्या खालच्या अंगाने आडवा बर्फ काढू लागल्या. वरून खड्डा करीत बसल्या नाहीत. चार मिनिटे. सूनबाई खिडकीतून पाहत होत्या. संध्याकाळी फ्रिजवरचे कात्रण निघाले होते.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात ती दोघे पहाटे निघाली. दुपारी दोनपर्यंत येतो म्हणाला होता, आला साडेदहालाच. तोंड फुगलेले. शिखराच्या अलीकडे पाऊण तासाच्या अंतरावर, पायाखालचा बर्फ 'धप्' असा आवाज करून बसला. खालच्या साखरेचा तो आवाज. बाई 'नाही' म्हणाल्या आणि वळल्या. वाईट याचे, की अर्ध्या तासाने चौघे जण त्यांच्या शेजारून वर गेले, तोच उतार लीलया उतरले आणि वाहनतळावर यांना हात हलवून निघून गेले. त्या उतारावर त्या दिवशी काहीही झाले नाही. त्या आठवड्यातही नाही.

मुलगा दिवसभर धुमसत होता. मी त्याला माझी एक जुनी गोष्ट सांगितली. १९९६चा पावसाळा. नर्मदाकाठच्या एका तहसिलीत मी तहसीलदार होतो. नदीला पूर आलेला. पलीकडच्या गावाची पाहणी आजच्या आज करा असा वरून वायरलेस आला. घाटावर गेलो, सरकारी नाव तयार होती. म्हातारा केवट पाण्याच्या कडेला उकिडवा बसला, हात बुडवून पाहिला आणि म्हणाला, "साहब, आज मैया मना कर रही है।" मी त्याला दुसऱ्यांदा विचारले नाही. दैनंदिनीत नोंद केली आणि सकाळी पार झालो. त्या रात्री वरच्या घाटावरून एक खासगी नाव माणसे भरून सुखरूप पलीकडे गेली होती. माझ्याकडून खुलासा मागवण्यात आला; मी दोन ओळींत दिला. त्या केवटाचे बरोबर होते असे सिद्ध करणारा एकही कागद माझ्याजवळ नाही. पुढेही कधी मिळणार नाही. बुडालेल्या नावेची चौकशी होते, किनाऱ्याला बांधून ठेवलेल्या नावेची कोण करणार? मात्र त्यानंतर बदली होईपर्यंत नदी ओलांडायची असली, की मी त्या म्हाताऱ्याला बोलावणे पाठवीत असे.

मुलगा काही बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याने बाईंना फोन करून पुढचा रविवार ठरवला.

त्यानंतर दोन हिवाळे ती जोडी टिकली. कधी शिखर झाले, कधी नाही. त्याचा हिशेब मुलगा ठेवतो, मी नाही. मुलाची चाल थोडी मंदावली आहे आणि बाईंची, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, थोडी वाढली होती. पण गुडघ्याने अखेर दगा दिला. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली असून डॉक्टरांनी या मोसमापुरती बंदी घातली आहे. मुलगा पुन्हा सूचनाफलक वाचू लागला आहे. या वेळी उमेदवार आले की जेवायला मलाही बोलवा, चार प्रश्न मी विचारीन, असे बाईंनी आपण होऊन कळवले आहे. पहिला उमेदवार येत्या शनिवारी यायचा आहे. चक्का टांगून ठेवला आहे, असे सूनबाई काल फोनवर सांगत होत्या.